खालची बाजू

सबंध शहराची बिऱ्हाडं हलवण्यात ज्या घराच्या दोन पिढ्यांच्या कमरा गेल्या, त्या घरावर स्वतःचं बिऱ्हाड हलवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यात आधी हरवल्या त्या रजया. बाकी सामान तिसऱ्या मजल्यावरून खाली गाडीत तरी गेलं होतं, नाहीतर खोक्यांत बसून जायची वाट पाहत होतं. आईचं आरशाचं कपाट मात्र भिंतीशी तसंच उभं होतं, कारण आरशाला गुंडाळायला घरात एक रजई सापडेना.

“काल तर इथे ढीग होता,” आत्या म्हणाली आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

आत्या खिडकीबाहेर बघते याचा अर्थ तिच्या पोटात काहीतरी आहे, हे या घरात नव्यानं आलेल्या माणसालाही आठवडाभरात कळतं. पण त्या सकाळी कुणी तिला धरलं नाही, कारण जो तो कुठेतरी दुसरीकडेच बघत होता. आई मोकळ्या खोलीच्या मधोमध, राहिलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. घर बदलायचं ते आईच्या गुडघ्यांसाठी. जिना चढवत नाही, लिफ्टचं घर बघा, असं तिनं एक दिवस जेवताना जाहीर केलं होतं आणि मग सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागली होती. आत्ताही रजया शोधायला ती टुणकन उठली, आतल्या खोलीत जाऊन आली, आणि परत बसताना आठवल्यासारखा गुडघ्याला हात लावला.

मधला दाराशी उभा होता. दादाचा हा धाकटा भाऊ. त्याच्या पुढे आणि मागे एकेक बहीण होती, म्हणून मधला. त्याच्यासमोर खोक्यांची शेवटची रांग होती. प्रत्येकावर आत काय आहे ते ठळक लिहिलेलं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘काका’. म्हणजे ही काकानं उचलायची. अक्षर क्रेनचं. क्रेन म्हणजे दादाची मुलगी. ती धंद्यात उतरली आणि पहिल्याच महिन्यात कुणाचं तरी कपडे धुवायचं यंत्र एकटीनं जिन्यावरून वर नेलं, तेव्हापासून तिचं बारशाचं नाव कुणाला आठवत नाही.

मधल्यानं ‘पुस्तकं’ लिहिलेलं खोकं उचललं, तर ते इतक्या झटक्यानं वर आलं की त्याच्या हनुवटीवर आपटलं.

सामान हलवणारा माणूस सगळं विसरेल, वजन नाही विसरणार. मधल्याला तर खोक्यावर नुसता हात ठेवला की आत काय आहे ते कळायचं. त्यानं खोकं खाली ठेवलं, चिकटपट्टी फाडली. आत रजई. ‘तांब्याची भांडी’ उघडलं. आत रजई, वर दोन उशा. ‘अवजारं’ लिहिलेल्यात आणखी एक रजई आणि आईची जुनी शाल.

“सापडल्या रजया,” तो म्हणाला.

“मी आपली फक्त भांडी काढली हो,” आत्या खिडकीकडे बघतच म्हणाली. “पुस्तकांना माझा हात लागलेला नाही.”

“पुस्तकं मी काढली,” आई म्हणाली. “त्यात एवढं काय? ओझं ते ओझंच.”

“आणि अवजारं?”

“ते तुझ्या भावाला विचार.”

मधल्यानं खोकं परत मिटलं. सकाळपासून तो खाली-वर करत होता आणि दम लागत नव्हता, तेव्हा मनात म्हणत होता, चला, आज बरं आहे आपलं. बरं कसलं, घरच्यांनी त्याला कापूस वाहायला लावला होता. तो वळला आणि स्वयंपाकघरात गेला.

खाली दादा गाडीचा मागचा पडदा वर करत होता. त्याच क्षणी तांब्याचं मोठं पातेलं गडगडत आलं आणि त्याच्या पायावर पडलं. मागोमाग झाकणं आली. आत बघतो तर पुस्तकं जमिनीवर पसरलेली, कपबश्या उघड्या, आणि सगळ्यांवर त्याची स्वतःची अवजारं, जी त्यानंच आदल्या संध्याकाळी खोक्यातून काढून हळूच गाडीत आणून टाकली होती.

“हे कुणी केलं?” त्यानं क्रेनला विचारलं.

“अवजारं तुम्ही केलीत,” क्रेन म्हणाली. “कपबश्या मी. भांडी आत्याआजीनं आणून टाकली, मी बघितलं. मला वाटलं, तिला मी सांगितल्याशिवाय कसं सुचलं.”

लोकांचा काचेचा पेला तीन-तीन कागदांत गुंडाळणारं हे घर. आणि घरच्या कपबश्या अशा उघड्यावर, कारण प्रत्येकानं एकेकट्यानं, बाकीच्यांपासून लपवून, मधल्याच्या वाट्याचं ओझं काढून घेतलं होतं. दादाला हसू आलं. हसता हसता तो गाडीच्या पायरीवर बसला आणि मग त्याचं हसू ओसरलं. दादा मोठ्यानं बोलणारा, गल्लीच्या या टोकाला शिंकला तर त्या टोकाला कळावं असा माणूस. पण गेले काही महिने मधल्यासमोर त्याचा आवाज खाली यायचा. मधल्याला छातीत धडधडतं. कुणाचा तरी सोफा धरून उभा असतानाच हात गार पडले, घाम फुटला, भिंतीला टेकून बसावं लागलं. नंतर एकदा गाडीत. मग घरी जेवताना. तपासण्या झाल्या होत्या. ‘रिपोर्ट यायचेत’ एवढंच मधला सांगायचा, आणि कुणाची पुढे विचारायची छाती होत नव्हती.

कारण बाबा असेच गेले होते. कुणाच्या तरी घरी पियानो, ती वाजवायची भली मोठी पेटी, चढवून, खिडकीखाली नेमकी सरळ लावून, एका बाजूला बसले ते बसलेच. ‘सामान जागेवर ठेवूनच गेला माणूस,’ हे दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज भरून यायचा.

धंद्याचा कायदाही बाबांचाच. ओझं धरलेल्यांपैकी कुणीही ‘टेकवा’ म्हणालं की सगळ्यांनी टेकवायचं. का, ते विचारायचं नाही. म्हणणाऱ्याचा हात घसरत असेल, पाय मुरगळला असेल, नाहीतर नुसतं नाक खाजत असेल. आधी टेकवायचं. क्रेन दिवसातून दहादा म्हणायची. दादा कधी म्हणाला नाही, मधला कधी म्हणाला नाही, आणि बाबांच्या तोंडून तर हा शब्द फक्त कायदा शिकवताना ऐकलेला.

“कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचार, येतोस का म्हणावं,” दादा क्रेनला म्हणाला. “कपाटाची खालची बाजू धरायला.”

“खालची बाजू काकाची असते.”

“म्हणूनच म्हणतोय,” दादा म्हणाला.

वर स्वयंपाकघरात ओटा रिकामा होता आणि मधला त्याला दोन्ही हात टेकून उभा होता. त्याची बायको, जिला घरात सगळे मधलीच म्हणत, मागून आली आणि दार लोटून घेतलं. एवढ्या वर्षांत ती नवऱ्याची पाठ नीट वाचायला शिकली होती. खांदे वर चढले म्हणजे सुरू झालं.

“येतंय का?” तिनं विचारलं.

“येत होतं. बहुतेक जाईल.” त्यानं मनगटावर बोटं ठेवली.

तिनं ती बोटं उचलून बाजूला केली. “नाडी बघायची नाही असं त्या काय म्हणाल्या होत्या? श्वास सोडा. लांब सोडा. फुंकर घातल्यासारखा.”

‘त्या’ म्हणजे डॉक्टरबाई. रिपोर्ट येऊन जुने झाले होते, हे घरात फक्त या दोघांना माहीत होतं. ‘तुमचं हृदय ठणठणीत आहे,’ असं त्या बाईंनी तोंडभरून हसत सांगितलं होतं. ‘हे घाबरण्याचे झटके आहेत. धडधड खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत, धोका मात्र खरा नाही. ती चढेल आणि आपोआप उतरेल. तिच्यापासून पळू नका, काम सोडू नका, आणि घरच्यांशी बोला.’ मधली बाहेर आली ती आनंदानं रडत. मधला मात्र परीक्षेत नापास झाल्यासारखा, खाली मान घालून. घरी बोलायचं नाही, असं त्यानं तिच्याकडून रस्त्यातच वदवून घेतलं होतं.

“मी तोंड शिवून बसले, कारण तुम्ही हात जोडलेत,” मधली म्हणाली. “पण आज भांडी गाडीत उघडी पडलीत, अहो. तुमच्या आई काल अंधारात एकेक पुस्तक पदराखाली घेऊन जिना उतरत होत्या. मी बघितलं. किती दिवस त्यांचा जीव असा टांगणीला लावून ठेवणार?”

“काय सांगू? हृदयाचं असतं तर सांगितलं असतं. बाबांनाही होतं, घराण्यातच आहे म्हटलं असतं. हे काय सांगू, की बाबांचा मुलगा घाबरतो? उभ्या उभ्या, बिनकारण? दादा हसेल.”

“हसले तर हसले. भाऊजी हसले म्हणून कुणी मेलंय का?”

त्याला नाइलाजानं हसू आलं. तिनं पदरानं त्याच्या कपाळाचा घाम पुसला. तिला त्याचा राग येत होता आणि त्याच्यावाचून तिचं जगात पान हलत नव्हतं.

“आज सांगा,” ती म्हणाली. “नाहीतर मी सांगते. आणि माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना जास्त लागेल.”

“आज कपाट न्यायचंय. आज मी खालची बाजू सोडली ना, तर परत कधी धरायची हिंमत होणार नाही माझी. एवढं नेतो. मग सांगतो.”

बाहेर तोवर दादा वर आला होता आणि खालची बाजू गॅरेजवाला धरणार असल्याचं सांगून मोकळा झाला होता.

“गॅरेजवाला कशाला?” मधला दारातून म्हणाला. “मी मेलोय का?”

 आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“काय बोलतोस हे, शुभ बोल की रे,” ती म्हणाली आणि पिशवीतून नाडी आणि ऑक्सिजन मोजायचा, बोटाला लावायचा चिमटा काढला. ती हल्ली तो उशाशी घेऊन झोपायची. “इकडे ये. बोट दे. आकडा बघू आधी.”

“आत्या, राहू दे.”

“वहिनी, तुम्ही सांगा याला. माझा भाऊ असाच हट्टानं गेला. कपाट काय, मेलं जळाऊ लाकूड. राहू दे इथेच.”

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई कपाटाकडे बघत होती. बाबांनी एकही खिळा न मारता जोडलेलं कपाट, सुटं होत नाही. हे वर चढवलं तेव्हा खालची बाजू त्यांनी धरली होती, आणि आई नवी नवरी, वरच्या पायरीवर जीव मुठीत धरून उभी होती. तिला मधल्याच्या चेहऱ्यात आज बाबांचं तेव्हाचं तोंड दिसलं: आतून हललेलं आणि वरून घट्ट मिटलेलं. नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण नाही म्हटलं तर हा पोरगा उद्यापासून खुर्चीत बसेल आणि स्वतःची नाडी मोजत राहील. हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाबांच्या माघारी ती स्वतः वर्षभर तशी बसलेली होती.

“खालची बाजू त्याची आहे,” ती म्हणाली. “पण कायदा ऐकून जा. टेकवा म्हणायला लाजायचं नाही.”

“हो.”

“हो नको. म्हणायचं.”

खोक्यांतल्या रजया काढून आरसा गुंडाळला, पट्टे आवळले. दादा वर, क्रेन बाजूला पट्टा धरून, मधला खाली. उतरताना सगळा भार खालच्याच्या खांद्यावर येतो. मधल्यानं खांदा लावला आणि कितीतरी दिवसांनी त्याला खरं वजन लागलं. बरं वाटलं. पहिलं वळण तर लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. दादा वरून नेहमीसारखं बडबडत होता. “अरे हळू, बाबांचं कपाट आहे, गिऱ्हाइकाचं नाही.” क्रेन हसत होती. आई, आत्या, मधली मागून एकेक पायरी येत होत्या.

दुसऱ्या वळणाच्या जरा आधी छातीत एक ठोका चुकल्यासारखा झाला. एवढंच. पण मधल्याचं सगळं लक्ष तिथे धावलं, आणि लक्ष गेलं की पुढचं ठरलेलंच होतं. धडधड सुरू झाली. कानांत, गळ्यात, दातांत. बोटांना मुंग्या. जिना अरुंद होत गेला. हेच ते, बाबांचं, आता आलं, असं मन म्हणायला लागलं. नाही, हे येतं आणि उतरतं, असं डॉक्टरबाई कुठूनतरी लांबून म्हणत होत्या, पण मन जवळ होतं आणि बाई लांब. मी पडलो तर कपाट पडेल, कपाटाबरोबर पट्टा धरलेली पोर खेचली जाईल. दात आवळून वळणापर्यंत जावं. वळणापर्यंत गेलं की पुढच्या वळणापर्यंत. बाबा गेलेच होते ना, पार खिडकीपर्यंत.

खिडकीपर्यंत गेले, आणि मग?

“टेकवा,” तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. पण क्रेननं पट्टा तत्क्षणी आवळला, दादानं वरची बाजू उतरवली, आणि कपाट वळणावरच्या सपाट फरशीवर अलगद उभं राहिलं. मधला पायरीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

“काय झालं? काय होतंय?” आत्या वरून म्हणाली.

“विचारायचं नसतं,” आई म्हणाली, आणि कठड्याला हातही न लावता भराभरा उतरून त्याच्या शेजारी येऊन बसली.

कुणी विचारलं नाही म्हणूनच बहुधा त्याला सांगता आलं.

“रिपोर्ट केव्हाच आलेत,” तो फरशीकडे बघत म्हणाला. “हृदयाला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. मी घाबरतो, एवढंच आहे. कारण नसताना घाबरतो, मग धडधडतं, मग वाटतं की बाबांसारखा जाणार. तुम्ही सगळे माझं ओझं काढत होतात, आणि मला काहीही झालेलं नाही.”

दादा कपाटाच्या वरच्या बाजूनं वाकून बघत होता. “काही झालेलं नाही म्हणजे? मरत नाहीयेस?”

“नाही.”

“रोज सकाळी तुझ्या दाराला कान लावतो मी, गधड्या. तुझं घोरणं ऐकलं की मग चहा घेतो.” दादाचा आवाज मधेच फुटला. “गार चहा पितोय तेव्हापासून.”

“तू पण कान लावतोस?” आत्या म्हणाली. “मी म्हटलं, दारावर तेलाचा डाग कसला.”

मधली तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि तिला ते आवरेना.

आई हसली नाही. तिनं मधल्याचा गार पडलेला हात आपल्या मांडीवर घेतला, पण बोटं मनगटाच्या लांब ठेवली.

“घाबरतोस ते सांगायला लाजलास,” ती म्हणाली. “तुझा बापही लाजत होता. त्या दिवशी चेहरा पांढरा पडला होता, म्हणून बरोबरच्यांनी विचारलं, तर म्हणाला काही नाही. सामान जागेवर ठेवून गेला, असं दादा सगळ्यांना सांगतो. मला ते बोचतं रे. लोकांची पेटी जागेवर राहिली आणि माझा माणूस राहिला नाही. एकदा टेकवा म्हणाला असता तर मी आयुष्यभर त्या पेटीवाल्यांची बोलणी खाल्ली असती आनंदानं. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. तुला नाही रे रागवत. तू म्हणालास. मला बरं वाटलं.”

वर दादा कपाटावरची रजई उगाच सारखी करत राहिला. 

“अजून धडधडतंय,” मधला म्हणाला.

“धडधडू दे,” आई म्हणाली. “आम्ही बसलोय.”

आणि खरंच सगळे बसले, आपापल्या पायऱ्यांवर. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला होता, तो कपाटानं वाट अडवलेली बघून काही न विचारता खालच्याच पायरीवर टेकला आणि सुपारी काढायला लागला. मधल्यानं श्वास लांब सोडला, मग पुन्हा सोडला. धडधड एकदम गेली नाही. चढली, तिथेच घुटमळली, पुन्हा जरा चढली. तो पळाला नाही. आत्याचा चिमटा तिच्या हातात तसाच होता. तिनं तो दोनदा पुढे केला आणि दोनदा मागे घेतला, आणि शेवटी पिशवीत टाकून चेन लावली. तिच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

“पण आजी,” क्रेन म्हणाली, “तू आत्ता जिना धावत उतरलीस.”

“मग?”

“गुडघे?”

आईनं लुगड्याची निरी सारखी केली. “माझेही ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “याला जिना नको म्हणून म्हटलं होतं.”

“म्हणजे याचं हृदय चांगलं, तुझे गुडघे चांगले,” दादा वरून म्हणाला, “आणि आपण घर कशासाठी सोडतोय?”

“आता थोरल्या जाऊबाई तिकडे नवं घर झाडून पुसून बसल्यात,” मधली म्हणाली. “तुमच्या बायकोला हे तुम्ही सांगा, भाऊजी. मी नाही सांगणार.”

तेव्हा मधला हसला. पोटातून, खांदे हलवून, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की मुंग्या गेल्यात. ठोके होते अजून, पण आता ते नुसते ठोके होते. तो उठला, तळवे पँटला पुसले आणि खांदा कपाटाला लावला.

“परत आलं तर?” आत्यानं विचारलंच.

“येईल,” तो म्हणाला. “मग परत म्हणेन. उचला.”

शिंप्यानं भिंतीला चिकटून वाट दिली. कपाट निघालं. एक पायरी, मग दुसरी. खालची बाजू मधल्याच्या खांद्यावर, पूर्ण वजनानं. दादा वरून बडबडत नव्हता. शेवटचं वळण दिसायला लागलं, खालच्या दारातून उजेड आला, गाडी दिसली. आता थांबायचं काही कारणच नव्हतं.

“टेकवा,” दादा म्हणाला.

क्रेननं पट्टा आवळला. मधल्यानं खालची बाजू उतरवली. वर कपाटाआड दादा नाक ओढत होता, बराच वेळ, आणि बाहीनं तोंड पुसत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

का, ते कुणी विचारलं नाही. मधला पायरीवर बसला आणि भावासाठी बाजूला जागा करून दिली.